अठरा होल आणि पिशवीभर चिंचोके

माझं नाव काकूंना चांगलं माहीत होतं. मला येणाऱ्या पत्रांवर ते लिहिलेलं असे, आणि ती पत्रं माझ्या हाती पडण्याआधी काकूंनी मागून-पुढून न्याहाळलेली असत. तरीही पाच वर्षांत त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नाही. मी सटाण्याचा, म्हणून मी 'सटाणा'. शेजारच्या खोलीत बँकेत नोकरी करणारा एक जण होता तो सायखेड्याचा, म्हणून तो 'सायखेडा'. "सटाणा, पाणी गेलं रे! सायखेडा, खाली ये!" अशा हाका जिन्यातून सुरू झाल्या की गंगापूर रोडवरून जाणाऱ्याला वाटावं, या बंगल्यात एसटीचा कंडक्टर राहतो.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मी नाशिकच्या एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागलो होतो आणि काकूंच्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. घरमालकीण म्हणून काकू कडक होत्या. अंघोळीला एक बादली गरम पाणी, त्यावर तांब्याभरसुद्धा नाही. खोलीत चोरून हीटर लावला तर त्यांना खालच्या मजल्यावर कसं कळायचं, ते मला अजून कळलेलं नाही. मीटरकडे बघत बसायच्या असं सायखेडा म्हणायचा.

पण त्यांचा खरा स्वभाव कडकपणाचा नव्हता. त्यांना प्रत्येक गोष्ट आतून बघायची असायची. "बघू तरी काय आहे ते," हे त्यांचं वाक्य. एकदा सीबीएसच्या एसटी स्टँडवर कुणाला तरी सोडायला गेल्या आणि समोर पेठची गाडी लागलेली दिसली म्हणून आत चढून बसल्या. पेठला उतरल्या, बाजार बघितला, एक चहा घेतला आणि त्याच गाडीनं परत आल्या. संध्याकाळी विचारलं तर म्हणाल्या, "रोज पाटी वाचते. म्हटलं, बघू तरी कुठे जाते ती."

एकदा तर माझ्या वर्गातच येऊन बसल्या. मी फळ्यावर नळातल्या पाण्याच्या दाबाचं गणित सोडवत होतो. मागे वळून बघतो तर शेवटच्या बाकावर काकू, मांडीवर पर्स घेऊन. मुलं हसायला लागली. तास संपता संपता काकूंनी हात वर केला आणि विचारलं, "सर, एवढं सगळं कळतं तर आमच्या वरच्या मजल्यावर पाणी का चढत नाही?" पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा त्यांनी मला सर म्हटलं. उत्तर मला आलं नाही, हेही सांगून टाकतो.

अशा या बाईंना आयुष्यात एकच गोष्ट आतून बघायला मिळाली नव्हती, ती म्हणजे काकांचा रविवार.

काकांचा सातपूरला स्प्रिंगांचा छोटा कारखाना होता. मी राहायला आलो तेव्हा ते होते. उंच, मितभाषी, जेवणाच्या बाबतीत फार नखऱ्यांचे. पोळी पातळ हवी, भात मोकळा हवा, नाहीतर ताट सरकवायचे. दर रविवारी सकाळी सहाला पांढरी टोपी घालून ते शहराबाहेरच्या एका खासगी गोल्फ क्लबात जायचे. तिथे सभासदाशिवाय कुणाला फाटकाच्या आत पाऊल ठेवता येत नसे. अकराला परत यायचे ते एकदम खुशीत. बूट काढता काढता म्हणायचे, "आज अठरा झाले." काकू विचारायच्या, "म्हणजे नक्की काय करता हो तिथे?" आणि काका ठरलेलं उत्तर द्यायचे, "तुला नाही कळायचं."

हा संवाद मी स्वतः वर्षभर दर रविवारी जिन्यातून ऐकला आहे. उत्तर ऐकून काकू चिडायच्या नाहीत. फक्त त्यांचा चेहरा, पेठच्या गाडीची पाटी वाचताना झाला असेल तसा व्हायचा.

काका हृदयविकारानं अचानक गेले. त्यानंतर काही महिन्यांनी क्लबाचं एक इंग्रजी पत्र आलं. काकूंनी मला खाली बोलावून ते वाचून घेतलं. सभासदाच्या पश्चात पत्नीला सभासदत्व चालू ठेवता येईल, असं त्यात लिहिलं होतं. हिरवळीवर बसावं, चहा-नाश्ता घ्यावा, दिवाळीच्या कार्यक्रमाला यावं. प्रत्यक्ष मैदानात उतरायचं असेल तर मात्र खेळाडू सभासद व्हावं लागेल. त्यासाठी तीन महिन्यांच्या आत, क्लबाच्या एका जुन्या सभासदासमोर, अठरा होलची एक फेरी पूर्ण करून, म्हणजे मैदानातल्या अठराही खळग्यांत ओळीनं चेंडू घालून दाखवावा लागेल.

"म्हणजे मला बाहेर बसून चहा पिता येईल, पण आत काय आहे ते बघता यायचं नाही?"

"तसंच आहे, काकू."

"मग खेळते."

काकूंचं वय तेव्हा चौसष्ट होतं. मी त्यांना म्हटलं, की क्लबात कुणाला तरी विनंती करा, एकदा फिरवून आणतील. काकू म्हणाल्या, "अरे, पाहुण्याला आपण घर दाखवतो ते आवरून. मला न आवरलेलं बघायचंय. आणि पत्र आलंय म्हणजे माझा हक्क आहे. तीन महिन्यांत नाही केलं तर तो गेला, कायमचा. मग मरेपर्यंत मनात राहील, की काय होतं बाई तिथे."

दुसऱ्या दिवसापासून मागच्या अंगणात सराव सुरू झाला. काकांच्या बॅगेत चौदा काठ्या होत्या. काकूंनी त्या सगळ्या कपडे वाळत घालायच्या दोरीखाली ओळीनं मांडल्या आणि म्हणाल्या, "एका पोळपाटाला कधी चौदा लाटणी लागतात का?" त्यांतल्या दोनच त्यांनी निवडल्या. एक मारायची, एक ढकलायची. बाकीच्या बारा परत बॅगेत गेल्या आणि तिथेच राहिल्या.

लहानपणी सिन्नरला विटी-दांडू खेळलेल्या होत्या, त्यामुळे चेंडूला काठी लागायची. चेंडू जायचा मात्र जेमतेम शेजाऱ्यांच्या फाटकापर्यंत. पण सरळ जायचा. दहातले नऊ फटके एका रेषेत. दहावा एकदा सायखेड्याच्या स्कूटरच्या दिव्याला लागला, तेव्हा काकू त्यालाच म्हणाल्या, "इथे लावतात का गाडी?"

फटके मोजायचे कसे, हा प्रश्न त्यांनी स्वतःच सोडवला. तुळशीला किंवा पिंपळाला लक्ष प्रदक्षिणा घालणाऱ्या बायका असतात, त्या चिंचोके घेऊन बसतात. एक फेरी झाली की एक चिंचोका या पिशवीतून त्या पिशवीत. काकूंच्या सासूबाईंनी असा लक्ष पुरा केला होता आणि त्यांच्या दोन खणाच्या पिशव्या अजून घरात होत्या. काकूंनी एका पिशवीत दोनशे चिंचोके भरले, दोन्ही पिशव्या कमरेला खोचल्या आणि दर फटक्याला एक चिंचोका इकडून तिकडे टाकायला लागल्या. मी म्हटलं, "काकू, छापील कार्ड मिळतं त्यावर लिहायला." त्या म्हणाल्या, "कार्डावर चुकतं. चिंचोका चुकत नाही."

मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी सहाला आम्ही त्या फाटकातून आत गेलो. मी बरोबर का? तर काकूंनी क्लबाला फोन करून सांगितलं होतं, "माझ्याबरोबर सटाणा असेल." तिकडच्या माणसाला काय कळलं कोण जाणे, पण परवानगी मिळाली. माझं काम छत्री धरायचं आणि पाण्याची बाटली सांभाळायचं. काकू फिक्या निळ्या सुती साडीत होत्या, पदर खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि डोक्याला काकांची टोपी.

साक्षीदार म्हणून क्लबानं एक निवृत्त कर्नल दिले होते. पल्लेदार मिशा, इस्त्रीची पँट. त्यांनी काकूंना आदरानं नमस्कार केला आणि आधीच सांगून टाकलं, "मॅडम, फटक्यांना लिमिट नाही. बस, अठरा पूरा करना है. आणि मध्ये थांबावंसं वाटलं तर बिलकुल संकोच करू नका. हमारे अच्छे अच्छे मेंबर थक जाते हैं." ते सभ्यपणे बोलले, पण काकू अर्ध्यात परत फिरणार, अशी त्यांची खात्री दिसत होती. खरं सांगायचं तर माझीही होती.

बॅग उचलायला तुळशीरामदादा होते. पेठच्या डोंगरातले, पन्नाशी ओलांडलेले, अंगानं काटक. पावसाळ्यात घरची भाताची आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, शेती करायची आणि एरवी इथे सभासदांच्या बॅगा उचलायच्या, असं त्यांचं वर्ष होतं. पंधरा वर्षं त्यांनी काकांची बॅग उचलली होती. बॅग खांद्यावर घेताना त्यांनी तिच्या पट्ट्यावरून एकदा हात फिरवला, ते मी पाहिलं.

आत काय होतं? नीट कापलेलं गवत, मधूनमधून वाळूचे खड्डे, बाभळी, निलगिरी, आणि लांबवर डोंगरांची निळी रेघ. काकू मारायच्या, चेंडू थोडा पुढे जायचा, काकू चालायच्या, चिंचोका टाकायच्या, परत मारायच्या. कर्नल स्वतःचा एक फटका मारून लांब पुढे जाऊन उभे राहायचे आणि आमची वाट बघायचे. काकूंचे प्रश्न मात्र थांबत नव्हते. हे गवत कोण कापतं? पाणी कुठून येतं? खड्ड्यात वाळू मुद्दाम का घालतात? "मुद्दाम अडचण करून ठेवायची आणि मग ती ओलांडल्याचा आनंद मानायचा," असं त्या एका खड्ड्यातून सहाव्या फटक्याला बाहेर पडल्यावर म्हणाल्या, "याला घरी सून आणणं म्हणतात."

सात होल झाले, आठ झाले, नऊ झाले. ऊन चढलं. काकूंच्या चेहऱ्यावर घाम होता आणि थोडी निराशाही होती. मला हळूच म्हणाल्या, "सटाणा, हे काही न कळण्यासारखं नाही रे. मला सगळं कळतंय. मग ते का म्हणायचे तसं?"

अकरावा होल संपला आणि एक विचित्र गोष्ट घडली.

वाटेत एक चिंचेचं झाड होतं आणि त्याखाली सिमेंटचा बाक. कर्नल बाक ओलांडून पुढे बाराव्याच्या सुरुवातीला जाऊन थांबले होते. आमच्या पुढे चालणाऱ्या तुळशीरामदादांनी कुणी काही न सांगता बॅग खांद्यावरून उतरवली, बाकाला टेकवून ठेवली. खांद्यावरचा पंचा काढून बाक झटकला. कमरेचं एक गाठोडं सोडून बाकाच्या टोकाला ठेवलं आणि स्वतः खाली मुळीवर बसले. एखादा माणूस घरी आल्यावर बसतो तसे.

"संपलं?" काकूंनी विचारलं.

दादा दचकून उठले. जीभ चावली. "नाय बाई. चुकलो. सवय हाय, दुसरं काय."

"कसली सवय?"

"कायी नाय. चला."

"तुळशीराम," काकू म्हणाल्या. चोरून हीटर लावल्याची कबुली त्या माझ्याकडून ज्या आवाजात घ्यायच्या, तोच आवाज. "कसली सवय?"

दादांनी एकदा लांब उभ्या कर्नलांकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "साहेब इथं बसायचं."

"दम खायला?"

"नाय बाई. इथंच. दहा वाजून गेलं की उठायचं, आन माघारी."

"आणि पुढचे सात?"

दादांनी पंचा परत खांद्यावर टाकला. झाडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पयल्या साली एकदा गेलं व्हतं. त्यो पुढं तळं हाय ना, त्याच्यावरून चेंडू न्यायाचा. सात चेंडू पाण्यात गेलं. मागं चार-पाच साहेब लोक उभं व्हतं. ते हसलं. तवापासून नाय गेलं. मला म्हणलं, तुळशीराम, कुणाला बोलू नको. मी आजपातुर नाय बोललो."

"पंधरा वर्षं?"

"पंधरा वर्षं."

मला काकूंकडे बघायचं धाडस होईना. दर रविवारचं ते 'आज अठरा झाले' माझ्या कानात वाजत होतं.

"इथे बसून काय करायचे?" काकूंनी विचारलं.

"काय नाय. बसायचं. ती डोंगरं बघायचं. मी गावाकडचं सांगायचो, पाणी किती पडलं, नागली कशी हाय, बैल आजारी हाय. लय ऐकायचं. कवाकवा हसायचं पन. आन भाकर खायचं माझी."

"कसली भाकर?"

दादांनी गाठोड्याकडे बोट केलं. "नागलीची."

काकू बाकावर बसल्या.  समोरच्या डोंगरांकडे त्यांनी पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी एकदा केली होती नागलीची भाकरी. काळी दिसते म्हणून ताट सरकवलं होतं."

मला त्या क्षणी काकांचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येणं बरं नाही, पण आला. आणि काकू आता परत फिरणार, असंही वाटलं. ज्या गोष्टीसाठी आल्या होत्या ती तर बघून झाली होती. आत काय होतं? एक बाक होता.

तिकडून कर्नलांची हाक आली, "मॅडम, एनी प्रॉब्लेम? वापस चलना है?"

काकू उठल्या. पदर सारखा केला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "नाही नाही. चिंचा पडल्यात इथे, त्या वेचतेय." आणि खरंच वाकून वाळक्या चिंचा वेचायला लागल्या. ओंजळभर चिंचा पदरात बांधल्या. दादांना म्हणाल्या, "उचल बॅग. आणि माझ्याशीही यातलं काही बोलला नाहीस, कळलं?"

बारावा होल. समोर हिरवट पाण्याचं तळं आणि पलीकडे झेंडा. काकूंचा फटका शेजाऱ्यांच्या फाटकापर्यंत जाणारा, तळं त्याच्या चौपट. कर्नल अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, इथे बरेच जण हार मानतात. त्यात लाज नाही."

काकू तळ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी हात करून डावीकडे दाखवलं. काठानं गवताची पट्टी तळ्याला वळसा घालून पलीकडे गेली होती.

"ती वाट क्लबाचीच ना?"

"हो, पण तिकडून कोणी जात नाही."

"जाऊ नये असा नियम आहे?"

कर्नलांनी मिशीवर बोट ठेवून विचार केला. "नियम नाही," ते म्हणाले. "बस, कोई जाता नहीं."

"मग मी जाते. वरूनच कशाला जायला हवं? बाजूनं वाट आहे की."

आणि काकू निघाल्या. छोटे छोटे फटके, काठाकाठानं. एकदा चेंडू पार पाण्याच्या कडेला जाऊन थांबला. काकूंनी एक पाय चिखलात रोवला आणि चेंडू वर काढला. तेवीस फटके. तेवीस चिंचोके. शेवटचा चेंडू खळग्यात पडल्याचा आवाज आला तेव्हा तुळशीरामदादा पंच्यानं तोंड पुसत होते. घाम त्यांना येत नव्हता, हे मी सकाळपासून बघत होतो.

सोळाव्यावर चिंचोके संपले. पहिली पिशवी रिकामी. काकूंनी पदराची गाठ सोडली, झाडाखाली वेचलेल्या चिंचा फोडल्या आणि त्यातले चिकट चिंचोके साडीला पुसून मोजणी पुढे चालू ठेवली. अठराव्याचा चेंडू आत गेला तेव्हा दीड वाजला होता. कर्नलांनी कार्डावर सही केली आणि टाचा जुळवून चक्क सलाम ठोकला. म्हणाले, "मॅडम, साहेब असते तर त्यांना अभिमान वाटला असता. त्यांना दर रविवारी बघायचो मी सुरुवात करताना. एकदम रेग्युलर."

"हो ना," काकू म्हणाल्या. "अठराच्या अठरा. घरी येऊन सांगायचे."

दादा बॅगेची चेन लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

काकूंना सभासदत्व मिळालं. पुढे गुडघे गेले तोवर तीनेक वर्षं त्या दर रविवारी जात राहिल्या. तळ्याच्या काठाची ती वाट पुढे दुसरेही वयस्कर सभासद वापरायला लागले, असं ऐकलं. मीही नंतर लग्न करून दुसरीकडे राहायला गेलो. पण मला जे सांगायचं आहे ते त्याच सोमवारच्या दुपारचं आहे.

घरी आलो. मी दमून बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलो. काकूंनी पाय धुतले, टोपी खुंटीला अडकवली आणि भिंतीवरच्या काकांच्या फोटोसमोर जमिनीवर बसून दुसरी पिशवी उलटी केली. वाळलेले चिंचोके आणि नवे चिकट चिंचोके, सगळा ढीग. मी आहे हे त्या विसरल्या होत्या की काय, माहीत नाही. एकेक करून मोजायला लागल्या. दोनशे एकतीस भरले.

"बघितलंत?" त्या फोटोला म्हणाल्या. "अठराच्या अठरा. तळ्याच्या बाजूनं वाट होती."

मला वाटलं, आता भांडतील. एवढ्या वर्षांचं साठलेलं होतं, आणि तोंडही तसं होतं. काकूंनी चिंचोके पुन्हा पिशवीत भरले, नाडी आवळली, आणि एकदम त्यांचा आवाज बारीक झाला.

"मला सांगितलं असतंत, तर मीही येऊन बसले असते की शेजारी."